हे पाणी कुठलं?

गोव्यातल्या मांद्र्याच्या माणसांनी दर्या बघायला विमानाने जायचं, हे आमच्या वाड्यावर कुणाला फारसं पटलं नव्हतं. आमच्या घरापासून पुळण चालत जायच्या अंतरावर. पण दीर आणि जाऊ कित्येक वर्षं शारजाला आहेत. दर मे महिन्यात यायचं ते त्यांनीच. यंदा मात्र दिराने हट्टच धरला, "वहिनी, दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही सगळी इकडे या, आईला घेऊन या." तिथल्याच रास अल खैमा या अमिरातीत समुद्राला लागून असलेल्या एका रिसॉर्टमध्ये त्याने खोल्याही घेऊन टाकल्या. मोपाचा विमानतळ आमच्याच तालुक्यात झाल्यापासून सासूबाईंचं "एवढ्या लांब कुठे जायचं" हे कारणही उरलं नव्हतं.

मी शाळेत भूगोल शिकवते. वाळवंट आणि समुद्र एकमेकांना लागून असू शकतात, हे फळ्यावर वर्षानुवर्षं लिहिलेलं आहे. तरी विमान खाली येताना खिडकीतून जे दिसलं त्याने पोटात काहीतरी हललं. आमच्याकडे किनारा म्हटलं की पाण्याला लागून वाळू, वाळूवर मर्यादवेल, मग माडांची रांग, मागे शेतं, आणि त्या सगळ्यातून दर्याकडे धावणारे व्हाळ. इथे वाळू संपते तिथे पाणी सुरू होतं, आणि पाण्याच्या उलट्या दिशेला पुन्हा वाळूच. मधे काही नाही. पाण्याचा रंग मात्र असा, की धाकटी एकदम ओरडली, "आई, खाली पोहण्याचा तलाव आहे!"

रिसॉर्ट सुंदर होतं, हे आधी मोकळेपणाने सांगते. गेल्या कित्येक वर्षांत आमचं कुटुंब असं एकत्र, निवांत, कुणीही स्वयंपाकघरात न अडकता बसलं नव्हतं. जाऊ आणि मी पहाटे चहा घेऊन पाण्याच्या काठावर बसायचो आणि राहून गेलेल्या सगळ्या गोष्टी बोलायचो. तिचा मुलगा आणि माझा मुलगा फोनवर एकमेकांना ओळखायचे, ते तिथे पहिल्याच संध्याकाळी भाऊ झाले. नवरा आणि दीर लहानपणी चापोऱ्याच्या पाण्यात गळ टाकायचे ते दिवस आठवून हसत होते. आखाताचा समुद्र लाटांचा नाही. आमच्या आश्वेला किंवा हरमलला मुलांना पाण्यात सोडताना जीव मुठीत धरावा लागतो, इथे कमरेएवढ्या पाण्यात कितीतरी आत चालत जाता येतं. आखाताची सरासरी खोलीच ३५ मीटरच्या आसपास.

सासूबाई पाण्यात उतरल्या त्या गुडघ्यापर्यंत. नऊवारीचा काठ वर धरून उभ्या राहिल्या, खाली वाकून ओंजळ भरली आणि जिभेला लावली. मी बघतच राहिले. त्यांचं माहेर आगरवाड्याचं, चापोरा नदीकाठच्या मिठागरांतलं. वडील आणि भाऊ आगरात काम करायचे, मीठ डोक्यावरून वाहून न्यायला त्या आणि त्यांच्या बहिणी. त्यांनी पाणी थुंकलं आणि म्हणाल्या, "हे आपल्यापेक्षा खारट आहे गो. आगरात पहिल्या कोंडीत दोन-चार दिवस उन्हात राहिलेलं पाणी असं लागतं."

कोंडी म्हणजे आगरात पाणी अडवायचा वाफा. बरोबर होतं त्यांचं. मोकळ्या समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, आखातात ते ४०च्या वर जातात. ऊन प्रचंड, पाऊस जवळजवळ नाही, उत्तरेच्या टोकाला तैग्रिस-युफ्रेटिसचं पाणी सोडलं तर मोठी नदी नाही, आणि अरबी समुद्राशी अदलाबदल व्हायला होर्मुझची एक चिंचोळी वाट. हे मी शिकवते. सासूबाईंनी ते चाखून सांगितलं. अंगावरचं पाणी सुकलं की कातडीवर पांढरी पापुद्री उमटायची, मुलं एकमेकांच्या पाठीवर बोटाने नावं लिहायची.

त्याच संध्याकाळी त्यांनी विचारलं, "आणि हे पाणी कुठलं?" बोट होतं न्हाणीघरातल्या नळाकडे. मग खिडकीबाहेरच्या हिरवळीकडे, तलावांकडे, पाय धुवायला किनाऱ्यावर लावलेल्या नळांकडे, कारंज्याकडे. "विहीर दिसली नाही कुठे. व्हाळ नाही. डोंगर आहेत ते बोडके. मग एवढं पाणी येतं कुठून?"

दिराने सांगितलं, समुद्रातून. त्यांना ते खोटं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मला घेऊन बागेत फिरल्या. खजुरीच्या झाडांच्या रांगा, त्याखाली बोगनवेल, जास्वंद, कडेला कणेर, घरच्यासारखीच. माळीकाम करणारा एक माणूस आम्हाला बघून हसला. करीमनगरकडचा होता, दख्खनी हिंदी बोलायचा. सासूबाईंनी त्याला झाडाच्या बुंध्याकडे बोट दाखवून तोच प्रश्न केला. त्याने वाकून हाताने रेव बाजूला केली. खाली बोटाएवढी काळी नळी होती, बुंध्याभोवती गोल फिरवलेली, तिला टाचणीच्या टोकाएवढी भोकं. प्रत्येक भोकापाशी थेंब फुगत होता, सुटत होता, पुन्हा फुगत होता. नळीच्या आसपासची वाळू ओली, काळपट. तिथून वीतभर अंतरावर ती इतकी कोरडी की चिमटीतून पिठासारखी सुटली. त्याने सांगितलं की बागेला येणारं हे पाणी वापरून शुद्ध केलेलं, न्हाणीघरातलं आणि सांडपाण्यातलं, प्यायचं वेगळं. उन्हाळ्यात ही नळी बंद पडली तर जास्वंदीला दोन दिवस पुरे, मग संपलं. त्या प्रत्येक झाडाला एक नळी, प्रत्येक नळीला एक झडप, आणि त्या साऱ्या झडपा याच्या डोक्यात. वर्षाआड एकदा तो गावी जातो. मुलगी दहावीला आहे म्हणाला. सासूबाईंनी त्याला पिशवीतले दिवाळीचे शंकरपाळे काढून दिले.

समुद्राचं पाणी गोडं करायच्या दोन मुख्य रीती आखातात आहेत. जुनी म्हणजे वीजकेंद्राच्या उष्णतेवर खारं पाणी कमी दाबाखाली उकळायचं आणि वाफ धरायची. नवी म्हणजे प्रचंड दाबाने ते अतिशय बारीक पडद्यांतून ढकलायचं, पाणी पलीकडे जातं, क्षार अलीकडे राहतात. हजार लिटर गोड्या पाण्याला नव्या रीतीत तीन-चार युनिट वीज लागते. आणि समुद्राचं जेवढं पाणी आत घेतलं त्यातलं निम्म्याहून कमीच गोडं होतं, उरलेलं आधीपेक्षा कितीतरी खारट होऊन परत समुद्रात जातं, त्याच उथळ, आधीच खारट आखातात.

हे मी सासूबाईंना जमेल तसं समजावलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे आम्ही करायचो त्याच्या उलट."

हे माझ्या मनात तेव्हापासून रुतून बसलंय. आगरवाड्याला भरतीचं पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, आत घ्यायचे, मोठ्या कोंडीत साठवायचे, तिथून लहान कोंडींत. तळ पायांनी आणि फळीने ठोकून गुळगुळीत केलेला. मग ऊन आणि वारा काय करतील ते. समुद्राचं पाणी आटून जेमतेम दहावा हिस्सा उरतं तेव्हा मिठाचे दाणे धरायला लागतात. पाणी आकाशाला द्यायचं, मीठ घरी आणायचं. तेच पाणी जूनमध्ये पाऊस होऊन परत येतं, म्हणून ते जाताना कुणाला वाईट वाटत नाही. इथे पाणी घरी आणतात आणि मीठ दर्यात टाकतात. आमच्याकडे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, अमिरातीत सरासरी १००सुद्धा कठीण. आणि पडला तर कसा पडेल याचा नेम नाही. १६ एप्रिल २०२४ला काही ठिकाणी एका दिवसात दोन वर्षांचा पाऊस पडला, दिराची गाडी इमारतीखालच्या पार्किंगमध्ये बुडाली, आणि जाऊ सांगत होती की चार दिवस इमारतीच्या नळाला पाणी नव्हतं. पाण्याने वेढलेली इमारत आणि पिण्याला थेंब नाही.

रिसॉर्टच्या भिंतीबाहेर एक दिवस काढलाच पाहिजे असा माझा आग्रह होता, आणि तो दिवस मला सगळ्या सुट्टीत जास्त मोलाचा वाटतो. जझिरत अल हमरा हे गाव तिथून जवळच. मोत्यांसाठी बुड्या मारणाऱ्यांचं गाव, १९६०च्या दशकाच्या शेवटी माणसं उठून गेली आणि घरं तशीच राहिली. भिंती समुद्रातल्या पोवळ्याच्या दगडांच्या. जवळ जाऊन बघितलं तर दगडात बारीक बारीक घरं, शिंपल्यांचे तुकडे, एके ठिकाणी अख्खा शंख. छताला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गलबतांनी आणलेले खारफुटीचे वासे. वाशांची लांबी बेताची, म्हणून खोल्यांची रुंदीही तेवढीच. एका घरावर वारा पकडून खाली सोडणारा मनोरा होता. आम्ही त्याखाली उभे राहिलो, मानेवर खरोखरच गार झुळूक आली.

इथले मोती मुंबईला जायचे. आखाताचे व्यापारी मुंबईत येऊन राहायचे, आणि या भागात भारतीय रुपया चालायचा; १९५९ साली रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या, त्या १९६६पर्यंत चालल्या. मोत्यांचं मात्र त्याच्या कितीतरी आधी, १९२०-३०च्या दशकांतच बिनसलं: जपानचे पाळीव मोती आले, जागतिक मंदी आली, आणि बुड्यांचा धंदा बसला. उन्हाळ्याचे महिने ही माणसं गलबतावर काढायची. नाकाला चिमटा, पायाला दगड, कमरेला दोर. चहूकडे पाणी आणि प्यायला मोजून. बहारीनच्या आसपास समुद्राच्या तळाशी गोड्या पाण्याचे झरे होते, बुड्या मारणारे कातडी पखाली घेऊन तिथे उतरायचे आणि खाऱ्या समुद्राच्या तळातून गोडं पाणी भरून आणायचे. हे मी वाचलेलं होतं. मुलांना त्या पडक्या अंगणात उभं राहून सांगताना माझा आवाज जरा कापला. मोत्यांपेक्षा मला ती पखाल मोठी वाटते.

परतताना डोंगरांच्या बाजूने आलो. रस्त्याकडेला वाळूत एकटी उभी असलेली झाडं, बारीक पानांची, वाकड्या फांद्यांची. तिथे त्यांना घाफ म्हणतात, अमिरातीचा राष्ट्रीय वृक्ष आहे तो. सासूबाईंनी गाडी थांबवायला लावली. एक डहाळी हातात घेतली, पानं उलटसुलट केली, काटा बघितला. "ही शमी आहे." दिराला विश्वास बसेना. पण शमीच ती. वनस्पतिशास्त्रातही तिचं नाव एकच, राजस्थानात तिलाच खेजडी म्हणतात. पांडवांनी शस्त्रं ठेवली ती. दसरा होऊन फार दिवस झाले नव्हते. त्यांनी चपला काढून झाडाला हात जोडले, आणि ट्रक जात होते त्या रस्त्याकडेला आम्ही सगळ्यांनीच जोडले. तिला नळी नव्हती. शमीची मुळं ३० मीटरपर्यंत खाली जातात म्हणतात, जिथे कधीकाळचं पाणी असेल तिथवर.

त्याच बाजूला दिगदागा लागतं. डोंगरावरून वाहून आलेल्या खडी-गोट्यांच्या त्या पट्ट्यात पाणी मुरायचं आणि विहिरींना लागायचं. १९५५ साली तिथे शेतीचं प्रायोगिक केंद्र निघालं, भाज्या पिकल्या, खजुरीच्या बागा झाल्या. मग पंप आले. पाऊस देत होता त्याहून जास्त उपसा झाला, पातळी खाली गेली, खारं पाणी वर आलं. गाडीतून दिसत होत्या त्या बागांपैकी काहींत झाडं उभीच होती, पण वरचा शेंडा गेलेला, नुसते खांब.

मला त्या खांबांमध्ये मांद्रं दिसलं.

किनाऱ्यावर जमिनीखाली काय असतं हे मी मुलांना कायम काढून दाखवते. खारं पाणी जड, गोडं हलकं. पावसाचं मुरलेलं गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत राहतं. विहिरीची पातळी समुद्रापेक्षा एक मीटर वर असेल तर त्याखाली साधारण ४० मीटर गोडं पाणी धरून ठेवलेलं असतं. उलट बघा: उपसा करून पातळी अर्ध्या मीटरने उतरवली, तर खालून खारं पाणी २० मीटर वर सरकायला मोकळं. अर्धा मीटर म्हणजे कंबरेपर्यंतही नाही. आपण दोरी अर्धा मीटर जास्त सोडतो तेव्हा कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही.

आमच्या पेडणे तालुक्याच्या किनारपट्टीला या गोड्या पाण्याचं सुख किती वर्षं लाभलं! हरमलला समुद्रापासून चार पावलांवर गोड्या पाण्याचं तळं आहे. झऱ्यांनी भरतं. पर्यटक त्यात डुंबतात आणि पुढच्या गावाला जातात, पण रास अल खैमातल्या माणसाला ते दाखवा, तो तिथे बसून राहील. आमच्या घरची विहीर चिऱ्यांनी बांधलेली. सासूबाई पातळी चिऱ्यांच्या थरांवर मोजतात. श्रावणात वरचे दोन थर उघडे, मे महिन्यात बारा-तेरा. अलीकडे ती मार्चमध्येच तिथे पोचते. आणि त्यांना मीटरची गरज नाही. डाळ शिजायला वेळ लागायला लागला, चहातलं दूध फाटलं, की त्या म्हणतात पाणी बदललं. तीन वाड्यांतल्या बायकांकडून मी हेच ऐकलंय.

आमच्या मागच्या बाजूला, भाताची खाचरं होती तिथे, आता तलाव असलेली राहण्याची ठिकाणं आहेत. फेब्रुवारीपासून पहाटे टँकर सुरू होतात. आतल्या वाड्यांवरच्या विहिरींतून भरून किनाऱ्याकडे जातात. नळाचं पाणी एका दिवसाआड, टँकर रोज. गोवा भूजल नियमन कायदा २००२ सालापासून आहे; विहिरींची नोंद करायची, पाणी वाहून न्यायला परवानगी घ्यायची, असं त्यात लिहिलेलं आहे. कोण कुठून किती नेतो, याचा आकडा मी आमच्या गावात कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

मला हॉटेलांचा राग नाही. माझे विद्यार्थी तिथे नोकरीला आहेत, आणि आम्ही स्वतः तशाच एका जागी आनंदात राहून आलो. पण त्या वाळवंटात थेंबाथेंबाला नळी होती, झडप होती, मोजणारा माणूस होता, आणि एकदा न्हाणीघरात वापरलेलं पाणी झाडापर्यंत पोचत होतं. त्यांनी ते शहाणपण विहिरी गमावल्यावर, वीज जाळून विकत घेतलंय. आमच्याकडे विहिरी अजून आहेत.

घरी आल्यावर मुलाने आणि मी एक काम सुरू केलंय. वाड्यावरच्या ज्या विहिरींचे मालक हो म्हणाले, त्या सगळ्यांवर रविवारी सकाळी दोरी सोडतो, पातळी वहीत लिहितो. पाण्यातले क्षार मोजायचं पेनासारखं एक छोटं यंत्र मिळतं, ते मागवलं. प्रत्येक घरी आम्ही आधी सासूबाईंना पाणी चाखायला देतो, मग यंत्र बुडवतो. शाळेतल्या नववीच्या मुलींनी आपापल्या घरच्या विहिरी आणल्या आहेत, म्हणजे आकडे आणले आहेत. आता वहीत किनाऱ्यापासून डोंगरापर्यंतची एक ओळ तयार होतेय. एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत ती पूर्ण व्हायला हवी.

जानेवारीच्या ग्रामसभेत मी दोन गोष्टी लेखी विचारणार आहे: गावात नोंदलेल्या विहिरी आणि बोअर किती, आणि टँकरला परवानगी कुठल्या विहिरींवरून दिलेली आहे. अर्ज लिहून झाला आहे. सासूबाईंनी वाचून घेतला, मग आपला चष्मा पुसत म्हणाल्या की खाली माझंही नाव घाल, आणि सही करायला पेन मागितलं.